दाजींना रस्ता दिसतो, पण रस्त्याला दाजी दिसतात का?

बेळगावजवळच्या किणयेहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून छापत नाही. त्या लिहितात:

"आमचे हे उद्यमबागेत कारखान्यात कामाला आहेत. दुसरी पाळी असली की रात्री साडेअकराला सुटतात आणि पिरनवाडीवरनं जांबोटी रस्त्यानं सायकलनं घरी येतात. मागच्या आठवड्यात कोपर सोलवटून आले. समोरनं गोव्याकडची गाडी अप्पर लाईट मारत आली, मागनं ट्रक आला. त्यानं अगदी जवळ येऊन हॉर्न दिला तसे हे दचकून डांबराखाली उतरले आणि पडले. मी म्हटलं, सायकलीला लाईट लावा की. तर म्हणतात, 'वीस वर्षांचा रस्ता आहे, मला सगळं दिसतंय.' गावातले काही जण सांगतात, रात्री उजव्या बाजूनं जावं, समोरची गाडी तरी दिसते. खरं का ते? की सायकल सोडूनच द्यायला सांगू? गाडीचा हप्ता आम्हाला जमणारा नाही. मुलगी नववीत आहे, तीही सायकलनंच हायस्कुलात जाते. आता उसाचे ट्रॅक्टर सुरू होतील. हे घरी येईपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागत नाही."

ताई,

सायकल सोडायला सांगू नका. ज्या माणसानं वीस वर्षं सायकलवर पाळ्या केल्या, त्याला ती सोड म्हणणं म्हणजे त्याचे पाय काढून घेण्यासारखं आहे. आणि तुमची खरी अडचण सायकल नाहीच. ती दाजींच्या एका वाक्यात आहे: "मला सगळं दिसतंय."

ते खोटं बोलत नाहीत. मीही वडगावहून उद्यमबागेत बावीस वर्षं सायकलनं गेलो, म्हणून खात्रीनं सांगतो. कारखान्याच्या उजेडातून बाहेर पडल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं चाचपडायला होतं. मग डोळे अंधाराला सरावतात. रस्त्याची कड, खड्डा, बांधावरचं झाड, सगळं दिसायला लागतं. चांदणं असलं तर विचारायलाच नको. आणि इथंच माणूस फसतो. मला गाडी दिसते, म्हणजे गाडीवाल्याला मीही दिसत असणार, असं मनात आपोआप धरलं जातं. पण तो बसलेला असतो स्वतःच्या हेडलाईटच्या मागे. त्याचे डोळे त्या उजेडाला सरावलेले असतात. उजेडाच्या पलीकडचं त्याच्यासाठी काळं कुळकुळीत असतं. एकाच रस्त्यावर, एकाच क्षणी, दाजींना सगळं दिसतं आणि ट्रकवाल्याला काहीच दिसत नाही.

हे मला कळलं ते खानापूरहून टेंपोनं परत येताना. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि माझीही नजर रस्त्यावरच होती. गणेबैलच्या पुढं एकाएकी मला दोन पिवळे ठिपके दिसले, आळीपाळीनं वर-खाली होणारे, काजव्यांसारखे. मग दोन पाय दिसले. आणि मग कुठं वर गडद निळं जर्किन घातलेला, डोक्याला काळी कानटोपी बांधलेला अख्खा माणूस दिसला. ड्रायव्हरनं वेळेत टेंपो बाजूला घेतला. तो माणूस आमच्याच गल्लीतला निघाला. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर म्हणाला, "तुमचा टेंपो मला केवढ्या लांबनं दिसला होता!" त्याच्या पायडलला कारखान्यातून आलेले रिफ्लेक्टर तसेच शिल्लक होते, म्हणून तो वाचला. त्याला ते आहेत हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

थोडा हिशेब मांडतो, कारण दाजी कारखान्यातले आहेत, त्यांना मापाची भाषा पटेल. ताशी 60 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात 16-17 मीटर कापते. डिप्पर लाईटमध्ये, म्हणजे झोत खाली पाडलेला असताना, गडद कपड्यातला माणूस ड्रायव्हरला 25-30 मीटरवर आला की कळतो, कधी त्याहूनही जवळ. समोर काहीतरी आहे हे मेंदूत उतरून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद तरी लागतो. तेवढ्यात 25 मीटर संपले. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा गाडी आणि सायकल यांत काही उरलेलंच नसतं. आता तोच माणूस 150 मीटरवरून दिसला तर? ड्रायव्हरच्या हातात आठ-नऊ सेकंद येतात. तो वेग कमी करतो, समोरचं वाहन जाऊ देतो, मग बाजूनं जातो. दाजींच्या पाठीशी येऊन हॉर्न देणाऱ्या त्या ट्रकवाल्याला दाजी उशिरा दिसले, एवढाच त्या हॉर्नचा अर्थ. तो हॉर्न देऊ शकला, हे नशीब.

त्यामुळे घरात वाद घालू नका. एक प्रयोग करा. रात्री जेवण झाल्यावर मुलीला सायकल घेऊन गावातल्या एखाद्या अंधाऱ्या, वाहनं नसलेल्या वाटेवर पाठमोरं उभं राहू द्या. अंगात दाजींचंच जर्किन, करिअरवर त्यांचीच डब्याची पिशवी. रस्त्यावर नको, पाणंदीत किंवा माळावर. दाजींना शंभर पावलं मागे न्या आणि हातात बॅटरी द्या. बॅटरी छातीशी धरायची नाही, अगदी डोळ्याच्या शेजारी कानशिलाला लावून धरायची. याला कारण आहे. रिफ्लेक्टरमध्ये बारीक बारीक लोलक असतात. उजेड जिथून आला तिथंच ते परत पाठवतात, इकडे-तिकडे फेकत नाहीत. ड्रायव्हरचे डोळे हेडलाईटच्या रेषेजवळ असतात म्हणून त्याला ते चमकताना दिसतं. बॅटरी डोळ्याजवळ धरली की दाजी ड्रायव्हरच्या जागी आले. मग त्यांना विचारा, काय दिसतंय? मला वाटतं, त्या रात्री पहिल्यांदा ते स्वतःला बघतील. मग त्यांना समजावण्याची गरज उरणार नाही.

आता काय लावायचं ते.

पैसे थोडेच असतील तर आधी मागचा दिवा. पुढचा नंतर. बहुतेक लोक उलटं करतात, कारण पुढच्या दिव्यानं स्वतःला दिसतं. पण दाजींना रस्ता पाठ आहे, आणि त्यांच्या पाठीला डोळे नाहीत. यूएसबीवर चार्ज होणारा लाल दिवा सायकलच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मोबाईल जिथं चार्जिंगला लावता तिथंच तो रोज लावायचा, म्हणजे विसरत नाही. आमच्या वेळी डायनामो होता. चाकाला घासून चालायचा, चढावर पाय जड व्हायचे म्हणून पोरं तो उचलून ठेवायची, आणि सायकल थांबली की दिवाही मरायचा. नेमकं थांबलेलं असतानाच मागून येणाऱ्याला दिसणं गरजेचं असतं. आताचे दिवे त्या मानानं देवासारखे आहेत.

दिवा लुकलुकता ठेवायचा की स्थिर? शहरात, जिथं दहा उजेड असतात, तिथं लुकलुकता लवकर लक्ष वेधतो. पण तुमच्या रस्त्यासारख्या किर्र अंधारात लुकलुकणारा एकटा दिवा किती लांब आहे याचा मागच्याला अंदाज येत नाही. पिरनवाडी सोडली की दिवा स्थिर ठेवावा असं माझं मत आहे.

आणि तो कुठं लावायचा, यावर जरा थांबतो, कारण यात मी स्वतः मार खाल्लाय. माझा दिवा सीटखालच्या दांड्याला होता. नवीन, चांगला झगझगीत. एका रात्री बेळगावातल्या तिसऱ्या रेल्वे गेटजवळ मागून मोटरसायकल घासून गेली आणि मी आडवा झालो. मोटरसायकलवाला थांबला, हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "काका, लाईट तरी लावत जावा." मला राग आला. लाईट तर चालू होता! मग मागे वळून बघितलं. करिअरवर डब्याची पिशवी, तिच्यावर घडी करून ठेवलेला रेनकोट, आणि त्या दोघांच्या आड माझा दिवा, पिशवीच्या कापडाला लाल करत बसलेला. किती महिने मी तो दिवा फक्त पिशवीला दाखवत होतो, कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी तो करिअरच्या मागच्या टोकाला, मडगार्डच्या वर, पट्टी ठोकून बसवला. दाजींच्या सायकलीवरही तिथंच बसवा. पिशवीचा बंदसुद्धा लोंबत त्याच्यासमोर येता कामा नये.

दिव्याच्या जोडीला पट्टी लावा. ट्रक-टेंपोच्या मागं चिकटवतात ती रिफ्लेक्टर टेप गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. मोठ्या गाड्यांना मागं लाल, पुढं पांढरी आणि बाजूला पिवळी असा नियम आहे. आपणही तोच पाळावा, म्हणजे बघणाऱ्याला सायकलचं तोंड कुठं आणि पाठ कुठं हे आपसूक समजतं. मागच्या मडगार्डवर वीतभर लाल. पुढच्या फोर्कवर पांढरी. दोन्ही चाकांच्या आऱ्यांत पिवळे रिफ्लेक्टर, कारण फाट्यावर आडव्या जाणाऱ्या सायकलीचा मागचा दिवा बाजूच्या गाडीला दिसत नाही. आणि पायडलचे रिफ्लेक्टर फुटले असतील तर नवीन पायडल घ्या. तेही जमत नसेल तर पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला जो पट्टा बांधतात, त्यावर टेप शिवा. स्थिर ठिपका दिसला तर ड्रायव्हरला तो मैलाचा दगडही वाटू शकतो. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की हा माणूस आहे, सायकल मारतोय, हे क्षणात कळतं. त्या टेंपोत मला ते असंच कळलं होतं.

लावल्यावर पुसायचं मात्र दाजींनी. तुमच्याकडची लाल माती मला माहीत आहे. पावसाळ्यात चिखल होऊन बसते, नंतर धूळ होऊन. रिफ्लेक्टरवर धूळ असली की उजेडाला तिच्यातून दोनदा जावं लागतं, आत जाताना आणि बाहेर येताना. निघताना खिशातल्या फडक्यानं एक हात फिरवला की झालं.

कपड्यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. तो भडक पोपटी किंवा केशरी रंग दिवसा, धुक्यात, दिवेलागणीला फार उपयोगी. सूर्याच्या उजेडातला आपल्या डोळ्यांना न दिसणारा भाग तो दिसणाऱ्या उजेडात बदलतो, म्हणून पेटल्यासारखा वाटतो. रात्री सूर्यच नाही, तेव्हा तो साध्या फिक्या कपड्याइतकाच. रात्री काम करते ती त्या जॅकेटवरची रुपेरी पट्टी. रस्त्याचं काम करणारे कामगार घालतात तसलं जॅकेट घ्या, त्यात दोन्ही असतं. पण ते जर्किनच्या वरून घालायचं, आणि पाठीवर सॅक असेल तर पट्टी सॅकवर. नाहीतर माझ्या दिव्यासारखी गत.

आता उजव्या बाजूनं जाण्याचं. ताई, हे मुळीच करू देऊ नका. हा सल्ला चालणाऱ्यांचा आहे. पायी जाणाऱ्यानं उजव्या कडेनं, समोरची वाहनं बघत जावं, हे बरोबर, कारण तो हवं तेव्हा एक पाऊल बाजूला टाकू शकतो. सायकल तशी बाजूला टाकता येत नाही. शिवाय वेगाचं गणित उलटतं. डाव्या बाजूनं 15 च्या वेगानं जाणाऱ्या सायकलीकडे मागची गाडी 60 नं आली तर अंतर 45 च्या वेगानं कमी होतं. उजव्या बाजूला गेलात तर दोन्हींची बेरीज होऊन ते 75 होतं. ड्रायव्हरचा वेळ चाळीस टक्क्यांनी कमी होतो. आणि पिरनवाडीच्या फाट्यासारख्या ठिकाणी रस्त्यावर येणारा गाडीवाला आधी आपल्या उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडून येतात. उलट्या बाजूनं येणाऱ्या सायकलीकडे त्याचं लक्षच जात नाही.

डावी बाजू, पण अगदी काठाला चिकटून नको. डांबराच्या कडेपासून दोन-अडीच फूट आत. काठावरून सायकल चालवणाऱ्याला एखादा खड्डा आला तर जायला जागाच राहत नाही, आणि मागचाही 'मावतोय की' म्हणून अंग घासून पुढं काढतो.

दाजी पडले तो प्रसंग या रस्त्यावरचा सगळ्यात अवघड. समोरून अप्पर लाईट, मागून वाहन. त्या क्षणी मागच्या ड्रायव्हरचे डोळे दिपलेले असतात आणि पुढची काही सेकंद त्याला दिवासुद्धा धड दिसेल याची खात्री नसते. तिथं हक्क सांगू नये. समोर लांबवर झोत दिसला आणि मागं इंजिनाचा आवाज आला की हॉर्नची वाट न बघता वेग कमी करून, साइडपट्टी सपाट असेल तिथं आधीच खाली उतरायचं, पाय टेकायचा, दोन्ही वाहनं जाऊ द्यायची. अर्धं मिनिट जातं. परत वर येताना मात्र सायकल चालवत तिरकं चढू नये. डांबराची कड दोन-चार इंच उंच असते, पुढचं चाक तिला घासत चालतं आणि माणूस थेट रस्त्यावर आडवा होतो. उतरून, सायकल उचलून वर घ्यावी. आणि कानात इअरफोन नको, हे दाजींना वेगळं सांगायला लागू नये. मागचं वाहन आपल्याला कानानंच दिसतं.

उसाचे ट्रॅक्टर. तुमची काळजी अगदी खरी आहे. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना पट्टी, आणि मोळ्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर. दुसरी ट्रॉली पहिलीच्या रेषेत कधीच चालत नाही, डोलत येते. त्यामुळे इंजिन बाजूनं गेलं म्हणजे संकट गेलं असं समजू नये. ट्रॅक्टर मागून आला तर त्याच्याशी शर्यत नाही, समांतर चालणं नाही. खाली उतरून दोन्ही ट्रॉल्या पूर्ण पुढं जाऊ द्यायच्या. पुढं ट्रॅक्टर हळू चालला असेल तर त्याच्या मागं चिकटून जाऊ नये. चढावर भरलेल्या ट्रॉल्या मागं सरकल्याचं मी पाहिलंय. ट्रॅक्टरवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे: शेवटच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर लाल टेप मारा. एक मोळी कमी भरली तरी चालेल, ती टेप झाकू नका.

पावसाचं थोडक्यात. दाजींच्या सायकलीला स्टीलच्या रिम असतील तर ओल्या रिमवर ब्रेक जवळजवळ धरतच नाही. थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच दाबत राहायचं, रबरानं पाणी पुसलं गेलं की मग तो लागतो. छत्री धरून सायकल अजिबात नको. रेनकोट पिवळा घ्या, आणि टोपी अशी हवी की मान वळवली की टोपीही वळेल.

मुलीचं वेगळं आहे. ती उजेडात जाते, तिला दिसण्यापेक्षा वागण्याची काळजी घ्यायला हवी. मैत्रिणी तिघी-तिघी बोलत एका रांगेत आडव्या चालतात, ते गावाच्या आतल्या रस्त्यावर ठीक, जांबोटी रस्त्यावर एकामागं एक. घराकडच्या वाटेवरून मोठ्या रस्त्यावर येताना पाय टेकून उभं राहायचं, उतार असला तरी. ओढणी मागं सोडायची नाही, कमरेला बांधायची. चाकात गेली की गळ्याला फास बसतो. वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला शिरायचं नाही, तिथलं ड्रायव्हरला आरशातही दिसत नाही. आणि एक गोष्ट तिला रागावून नव्हे, जवळ बसवून सांगा: चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी ते केलंय, त्या उसाची गोडीही आठवते. पण एक हात हँडलवर, एक मोळीवर, आणि मागं दुसरी ट्रॉली. ऊस हवा असेल तर शेतावर जाऊन मागावा, कोणी नाही म्हणत नाही.

पाळी बदलून मिळते का हे दाजींनी जरूर विचारावं, पण त्याची वाट बघत थांबू नका. त्याच बाजूला जाणारे कारखान्यातले आणखी दोघं-तिघं असतील तर एकत्र निघावं. चार लाल दिवे एकापेक्षा लांबून दिसतात आणि कोणी पडलं तर उचलायला माणूस असतो. 108 चा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

दिवा, पट्टी, पायडल, सगळं झालं की तोच प्रयोग पुन्हा करा. पिशवी करिअरवर, जर्किन अंगात, वर जॅकेट. या वेळी मुलीला सायकल स्टँडवर लावून पायडल फिरवायला सांगा आणि बॅटरी तुम्ही धरा. शंभर पावलांवरून दिसलं तर दोनशेवर जा, मग अडीचशेवर. किती पावलांपर्यंत दाजींची सायकल ओळखू आली, तेवढा आकडा मला कळवा.